चटका न लागणारा हात

आमच्या लोकांत लग्न असो, नामकरण असो की बुद्धपौर्णिमेचं जेवण, लांब रोटी नसेल तर पाहुणे जेवले असं कोणी मानतच नाही. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. कणीक इतकी सैल भिजवायची की हातात धरवत नाही. मग तिचा गोळा दोन्ही हातांवर, पार कोपरापर्यंत, झेलत झेलत लांबवायचा आणि चुलीवर उपड्या घातलेल्या तापल्या माठावर टाकायचा. शेकली की बोटांनीच उचलायची. चिमटा-बिमटा काही नाही.

जबलपुरात आता ही रोटी टाकणाऱ्या बायका कमीच राहिल्या. त्यातली मी एक. म्हणून कुठंही कार्य निघालं की पहिला निरोप मला. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात मी भराभर रोट्या टाकून राहिले होते, आणि शेजारी कणीक भिजवत बसलेली कांताबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "अव माय! पाहा वं या वंदनाले! हिच्या हाताले चटकाच नाही लागून राहिला!"

झालं. बायका गोळा झाल्या. कोणी मोबाइल काढला. मी पण अशी काही फुगले की मुद्दाम रोटी माठावरून हळूहळू उचलून दाखवली. घरी येऊन हात धुताना पाहिलं तर तळहाताच्या कडेला, करंगळीखाली, टम्म फोड. कधी आला, पत्ता नाही.

एवढ्या बायका होत्या तिथं. एकीच्याही मनात आलं नाही की बाई, चटका लागत नाही म्हणजे काय? माझ्याही नाही. इतकी वर्षं रोट्या टाकून हात सरावला, असंच सगळ्या समजल्या. कौतुकात माझा आजार झाकून गेला.

तोंडावर सांगते, मी वाईट तोंडाची बाई आहे. लवकर चिडते आणि चिडले की पोटात ठेवत नाही. त्यामुळे हे गोड गोड करून सांगता येणार नाही मला.

डोळे बंद

कोपराच्या आतल्या बाजूला एक फिक्कट डाग होता. आधी रुपयाएवढा, मग वाढत वाढत पुढं सरकला. एका दवाखान्यात दाद, म्हणजे नायटा, म्हणून मलम दिलं. मी लावत राहिले. डाग खाजत नव्हता. दाद असून खाजत कशी नाही, हा प्रश्न मलम देणाऱ्याला पडला नाही आणि लावणारीलाही पडला नाही.

प्रज्ञाचे बाबा, म्हणजे माझे मिस्टर, खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात आहेत. आधी सासरे होते तिथं. मूळचे आम्ही भंडाऱ्याकडचे, पण आता क्वार्टर हेच गाव. तो फोड पिकला, तरी मी स्वयंपाक करून राहिले होते. ते पाहून ह्यांचं डोकं फिरलं. "दुखत नाही तुले?" म्हणाले. मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मंग उद्या मेडिकलला चल." त्यांनी सुटी टाकली, स्कूटरवर मागं बसवलं आणि खमरियाहून पार मदन महाल ओलांडून मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं.

चामडीच्या विभागात एक डॉक्टर मॅडम होत्या. वयानं माझ्याहून लहान, बोलणं शांत. त्यांनी डाग पाहिला, कोपराच्या मागच्या हाडाजवळ बोट घालून एक नस चाचपली, दुसऱ्या कोपराची चाचपली, परत पहिल्याची. मग म्हणाल्या, "आँखें बंद कीजिए. मैं धागे से छुऊँगी. जहाँ लगे, उँगली रख के बताइए."

मी डोळे मिटले. वाट पाहिली. बाहेर कोणाचा तरी नंबर पुकारला गेला. मी आणखी थोडी वाट पाहिली. मग माझा स्वभाव! म्हटलं, "मैडम, शुरू कीजिए ना. कितनी देर?"

मी डोळे उघडले. मॅडमच्या हातात धागा होता आणि धाग्याचं टोक माझ्या करंगळीवर टेकलेलं होतं. प्रज्ञाचे बाबा भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. मॅडम केव्हाच्या सुरू झाल्या होत्या. कोपरापासून करंगळीपर्यंत सगळीकडे लावून झालं होतं.

तो माझा पहिला धक्का. आजाराचं नाव तर अजून कळायचंच होतं. माझा हात माझ्यासमोर, माझ्याच खांद्याला लागलेला, आणि त्याला कोणी शिवलं तर मला खबरच नाही!

मॅडम म्हणाल्या, "कुष्ठ रोग है. पूरी तरह ठीक हो जाता है."

मी पहिलं वाक्य ऐकलं. दुसरं ऐकलंच नाही. मला इतका राग आला, इतका राग आला की मी उभी राहिले. म्हटलं, "आप ग़लत बोल रही हैं. हमारे यहाँ सब रोज़ नहाते हैं."

"रोज़ तो मैं भी नहाती हूँ," मॅडम म्हणाल्या. "इसका नहाने से कोई लेना-देना नहीं. बैठिए."

मी बसले. आज ते आठवलं की हसू येतं आणि लाजही वाटते. पण तेव्हा खरंच माझ्या डोक्यात तेवढंच आलं.

घरात

घरी सांगायचं कसं? प्रज्ञाच्या बाबांनी चहा झाल्यावर सांगून टाकलं, एका दमात. प्रज्ञा कॉलेजात आहे. तिला मराठी कळतं सगळं, बोलते मात्र हिंदीतच. ती मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागली, मग म्हणाली, "मम्मी, ये तो curable है. पर प्लीज़, कॉलेज में किसी को पता नहीं चलना चाहिए."

मला थोबाडीत मारल्यासारखं झालं. पण खरं सांगू? मीही तेच म्हणणार होते. फक्त तिनं आधी म्हटलं.

सासूबाईंनी ऐकलं आणि तोंडाला पदर लावला. "रक्तपिती?" एवढंच म्हणाल्या. आणि उठून आतल्या खोलीत गेल्या.

त्या दिवसापासून सासूबाई माझ्या हाताकडे बघेनात. ताट घ्यायच्या, पण नजर खाली. आधी दुपारी माझ्याजवळ बसून लसूण सोलायच्या, ते बंद झालं. एकदा मी सरळ म्हटलं, "आई, पहिली गोळी पोटात गेली की हा रोग दुसऱ्याला लागत नाही, मॅडमनं सांगितलं. मला हात लावल्यानं काही होत नाही." त्या म्हणाल्या, "मी काही म्हटलं का बापा?" आणि परत आत गेल्या. मी भांडी आपटली. मनात म्हटलं, एवढी वर्षं तुमचं केलं आणि आता माझी किळस येते तुम्हाला!

गोळ्या सरकारकडून मिळतात, पाकिटातून. पहिल्या दिवशीच्या गोळीनं लघवी लालभडक झाली. सिस्टरनं ते आधी सांगितलं होतं म्हणे. मी कुठं ऐकलं होतं? संडासातून अशी किंचाळले की शेजारच्या क्वार्टरचं दार उघडलं. प्रज्ञा बाहेरून ओरडली, "मम्मी! दवाई का रंग है! दवाई का!" त्या दिवशी आम्ही दोघी हसलो, आणि त्यानंतर बरेच दिवस हसलो नाही.

रोट्यांचे निरोप येत होते. मी म्हणायची, हाताला फोड आहे, पिकलाय. खोटं नव्हतं ते.

जुळेनात

गोळ्या सुरू होऊन थोडे आठवडे झाले आणि बरं वाटायचं सोडून भलतंच सुरू झालं. फिक्कट डाग लाल झाला, सुजला, हात लावला तर गरम. कोपरापासून कळ निघायची, करंट लागल्यासारखी. ज्या हाताला चटका कळत नव्हता तो हात रात्रंदिवस ठणकू लागला. मला काही समजेना. सुन्न हात दुखतो कसा?

रविवारी विहारात वंदनेला गेलो. हात जोडले. डोळे मिटून म्हणत होते, तर बोटांना बोटं लागत नाहीत असं वाटलं. पाहते तर उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलेलं. डाव्या हातानं सरळ केलं, सोडलं, परत वळलं. परत सरळ केलं. परत वळलं. सगळे एका सुरात म्हणत होते आणि मी तिथं बसून आपल्याच बोटांशी झटापट करून राहिले होते. माझे दोन्ही तळहात जुळेनात!

घरी आल्यावर गोळ्यांचं पाकीट काढलं आणि म्हटलं, हे विष आहे, मी घेणार नाही. गोळ्यांच्या आधी माझी बोटं सरळ होती की नव्हती?

प्रज्ञाच्या बाबांनी पाकीट हातातून घेतलं. तेही घाबरले होते. म्हणाले, "औषध गरम पडलं असन. पण बंद करायचं का नाही, ते मॅडमले विचारू. आपल्या मनानं नाही." सोमवार उजाडायची वाट पाहिली फक्त. बाकी काही आठवत नाही त्या रात्रीचं.

मॅडमनी बोटं पाहिली आणि लगेच म्हणाल्या, "भर्ती होना पड़ेगा. आज ही." मी विचारलं, हात जाणार का? त्या म्हणाल्या, "जल्दी आ गईं, अच्छा किया. कोशिश करेंगे." कोशिश! उजवा हात आहे माझा, आणि ह्या म्हणतात कोशिश करू.

जे मॅडमनी सांगितलं

भरती झाल्यावर दुसऱ्या दिवशी राउंड संपला आणि मॅडम माझ्या खाटेशी थांबल्या. मीच अडवलं त्यांना. म्हटलं, मला नीट समजावून सांगा, नाहीतर मी गोळी गिळणार नाही. जंतू मरून राहिले आहेत ना? मग हात काहून मरून राहिला?

त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. चुकलं तर माझं.

आपल्या रक्तात टी पेशी नावाच्या पेशी फिरत असतात. जंतू ओळखायचं काम त्यांचं. पण त्यांना अख्खा जंतू दिसत नाही. दुसऱ्या काही पेशी जंतूला गिळतात, त्याचे तुकडे करतात आणि एखादा तुकडा आपल्या अंगावर बाहेर धरून ठेवतात. टी पेशी येऊन तो तुकडा चाचपते. दारातली चप्पल पाहून आपण ओळखतो ना, घरात कोण आलंय, तसं. आणि प्रत्येक टी पेशी एकाच तऱ्हेची चप्पल ओळखते, दुसरी नाही. ओळख पटली की ती जागी होते, आपल्यासारख्या ढीगभर पेशी तयार करते आणि मग हल्ला.

कुष्ठाचा जंतू फार चोरटा. नसेत जाऊन बसतो आणि इतका हळू वाढतो की वर्षानुवर्षं घरच्याला पत्ता लागत नाही. माझ्या टी पेशी अर्धवट झोपेत होत्या. गोळ्यांनी जंतू मेले, फुटले, त्यांचे तुकडे सगळीकडे सांडले, आणि माझ्या पेशी खाडकन जाग्या झाल्या. जिथं जिथं तुकडा तिथं तिथं धावल्या. तुकडे कुठं होते? माझ्या नसेत. कोपराजवळ ती नस अरुंद जागेतून जाते. तिथं सूज आली आणि नस चेपली गेली.

मी विचारलं, "मतलब मेरे हाथ को मेरा ही शरीर खा रहा है?"

मॅडम म्हणाल्या, "खा नहीं रहा. बचाने आया है. पर उसे रुकना नहीं आता."

मी सुन्न झाले. जंतूवर राग काढता येतो. मलम देणाऱ्यावर काढता येतो. पण स्वतःच्याच रक्तावर कसा काढायचा? ज्यांनी मला वाचवायचं त्यांनीच माझी बोटं वळवली. त्यातही मेल्यांची चूक नाही!

मग त्यांनी सांगितलं की आता दोन औषधं सोबत चालतील. पाकिटातल्या गोळ्या जंतूसाठी, त्या एक दिवसही बंद करायच्या नाहीत. आणि स्टेरॉइड त्या पेशींना थंड करण्यासाठी. नस मेली नसेल तर बोटं परत येतील. मेली असेल तर नाही. किती मेली ते काही महिन्यांनीच कळेल.

त्या दिवसापासून माझ्या आयुष्यात एकच प्रश्न उरला. ही बोटं उघडतात की नाही.

वॉर्ड

सकाळी बोटाला सुई टोचून साखर बघायचे, स्टेरॉइडनं वाढते म्हणून. उजव्या करंगळीला टोचा म्हटलं, तिला कळत नाही. सिस्टर म्हणाली, "अम्मा, उसी को तो बचाना है." मग नाश्ता, मग राउंड, मग फिजिओथेरपी. तिथं हाताला तेल लावून बोटं एकेक सरळ करायची, रबर ओढायचं, आणि मग हात फळीला बांधून ठेवायचा. करंगळीला सांगायचं, उघड. ती ऐकायची नाही. मी आयुष्यात कोणाला इतक्या वेळा उघड म्हटलं नसेल.

शेजारच्या खाटेवर मंडल्याकडची फूलवती होती. तिच्या तोंडावर आणि कानांवर गाठी होत्या. मी पहिल्या दिवशी तिच्याकडे पाठ करून झोपले. दुसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, "दीदी, आपको भी बहुत भूख लगती है क्या?" स्टेरॉइडनं भूक लागते, मरणाची. मग दोघींचा खाण्याचा धंदा सुरू झाला. प्रज्ञाचे बाबा ड्यूटी सुटली की स्कूटरवर डबा आणायचे, तो आम्ही दोघी फस्त करायचो आणि रात्रीच्या जेवणाची वाट बघायचो. माझं तोंड भोपळ्यासारखं झालं. फूलवती म्हणायची, "दीदी तो सेठानी हो गईं."

मी मॅडमना विचारलं, हिला गाठी आणि मला डाग, रोग एकच कसा? त्या म्हणाल्या, जंतू तोच. हिच्या टी पेशी त्याला जवळपास ओळखतच नाहीत, म्हणून तो अंगभर पसरला. तुमच्या थोड्या तरी ओळखतात, म्हणून एका हातावर अडला. आणि बहुतेक लोकांच्या इतक्या नीट ओळखतात की जंतू आला-गेला त्यांना कळतही नाही.

हे ऐकल्यावर मी फूलवतीकडे पाठ करून झोपले नाही.

प्रज्ञा कॉलेज सुटलं की यायची. मला एका हातानं वेणी घालता येत नव्हती. ती काही न बोलता माझे केस विंचरायची आणि अशी घट्ट वेणी घालायची की डोळे ताणले जायचे. एका संध्याकाळी वेणी घालता घालता म्हणाली, "मम्मी, मैंने नेहा को बता दिया." नेहा तिची मैत्रीण. मी विचारलं, काय म्हणाली ती? "कुछ नहीं. बोली, आंटी को क्या खाना अच्छा लगता है." मी म्हटलं, "वेणी ढिली कर थोडी."

एकाच घरातले

घरातल्या सगळ्यांना तपासायचं असतं. प्रज्ञा आणि तिचे बाबा येऊन गेले. दोघांच्या अंगावर काही नव्हतं. त्यांनाही एकेकदा औषध दिलं, खबरदारी म्हणून. सासूबाई आल्या नाहीत. "माह्या अंगावर काही नाही," एवढाच निरोप.

मॅडम ह्यांना म्हणाल्या, "इतने साल साथ रहे हैं. जंतु आपके शरीर में भी आया होगा. आपके सेल ने पहचान लिया, ख़त्म कर दिया. आपको पता भी नहीं चला."

मॅडमना वाटलं, चांगली बातमी दिली. प्रज्ञाचे बाबा बाहेर कॉरिडॉरमध्ये गेले आणि खिडकीशी उभे राहिले. मी मागं गेले. म्हणाले, "एकच घर, एकच पाणी. माह्या अंगानं ओळखलं, तुह्या अंगानं नाही ओळखलं. मी काय केलं असं चांगलं?"

मला वाटलं होतं मी त्यांची समजूत घालीन. पण मला राग आला, खोटं काय सांगू. मी म्हटलं, "तेच मी विचारून राहिली आहे. मी काय केलं असं वाईट?" आणि आम्ही दोघं तिथं रडलो, येणारे-जाणारे बघत होते तरी.

उत्तर कोणाकडंच नाही. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, आईबापांकडून येतं थोडं, नशिबानं येतं थोडं, आणि थोडं अजून कोणालाच माहीत नाही. ज्यांना हा रोग झालाय आणि जे रोज स्वतःला विचारतात की मी काय पाप केलं, त्यांना एवढंच सांगते. काही केलं नाही तुम्ही. डाग असेल आणि तिथं कळत नसेल तर जा. गोळ्या चालू असताना हात-पाय दुखला, वळला, तर त्याच दिवशी जा. गोळ्या बंद करून घरी बसू नका. मी बसणार होते.

शेवटची तपासणी

घरी आल्यावर काही महिने गेले. स्टेरॉइड कमी कमी होत बंद झालं. अनामिका हळूहळू उघडू लागली. आधी सकाळी थोडी, मग दिवसभर. करंगळीचं काही खरं नव्हतं. मॅडमनी एक तारीख दिली होती, त्या दिवशी पक्कं सांगू म्हणाल्या होत्या.

मी साडी नेसत होते आणि सासूबाई चपला घालून दाराशी उभ्या. म्हणाल्या, "मी बी येतो." मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी माझ्याकडे. इतके महिने ज्या माझ्या हाताकडे बघत नव्हत्या, त्या आज कशाला? मला वाटलं, हात वाकडाच राहणार हे ऐकायला येऊन राहिल्या. त्या दिवशी स्कूटर ठेवून ऑटो केला.

मॅडमनी आधी सासूबाईंना तपासलं. अंग स्वच्छ. मग माझा हात घेतला. धागा लावला, बोटं दाबली, ओढली, कागद धरायला लावला. मग माझी अनामिका धरून म्हणाल्या, "ये उँगली आ गई. पूरा हाथ काम करेगा. पर छोटी वाली जितनी आनी थी, आ गई. ये ऐसी ही रहेगी. और इस तरफ़ सुन्न रहेगा, गरम चीज़ से बचाना."

म्हणजे लांब रोटी संपली. मला वाटलं होतं मी तयारी करून आले आहे. कसली तयारी? मी त्या वाकड्या करंगळीकडे बघत बसले. रडूही येईना.

तेवढ्यात सासूबाईंनी हात पुढं केला आणि माझा पंजा आपल्या मांडीवर घेतला. आजार कळल्यापासून पहिल्यांदा. करंगळी अंगठ्यानं वर उचलली, सोडली. ती परत वळली.

"शेवंताची बी अशीच होती," त्या म्हणाल्या.

शेवंता कोण? ह्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं, "कोण शेवंता, आई?"

"माही लहान बहीण."

इतकी वर्षं झाली माझ्या लग्नाला. सासूबाईंना बहीण होती हे आम्ही कोणी ऐकलं नव्हतं. त्या माझ्या हाताकडे बघतच बोलत होत्या. बहिणीची बोटं वळली तेव्हा सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. माहेरच्यांनी शेताच्या कडेला झोपडी बांधून दिली. बाप दुरून भाकरी ठेवायचा. सासूबाई माहेरी गेल्या की बांधावरून पाहायच्या, जवळ जायची मनाई होती. एकदा गेल्या तर झोपडी रिकामी होती. कुठं गेली, कोणी शोधलं नाही. नाव घ्यायचं नाही, असं ठरलं.

"तुही बोटं पाहिली का मले ते झोपडंच दिसे," त्या मला म्हणाल्या. "वाटे, तुले बी कोणी उचलून नेईन."

आणि मी समजत होते, किळस!

मॅडमना मराठी कळत नाही. त्या खाली मान घालून माझ्या कागदांवर लिहीत होत्या. सासूबाईंनी त्यांच्याकडे वळून आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं, "बाई, ये गोली उस बखत नहीं थी ना?"

"कब की बात है, अम्मा?"

सासूबाईंनी प्रज्ञाच्या बाबांकडे बोट केलं. "ये तीसरी में पढ़ता था."

मॅडमनी वर पाहिलं, ह्यांच्या पिकल्या केसांकडे पाहिलं, मनात हिशेब केला. "थी, अम्मा," त्या सहज म्हणाल्या. "तब तक आ गई थी. सरकारी अस्पताल में मुफ़्त मिलती थी." आणि परत लिहू लागल्या.

मॅडमना कसं कळणार, त्यांनी काय सांगितलं ते.

बाहेर आलो, ऑटोत बसलो. माझा हात त्यांनी सोडला नव्हता. मदन महाल गेलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं.

"मंग आमी तिले काहून नाही नेलं वं?"